शब्दातून उमटलेली रेघ

मकरपुऱ्यात माझा दवाखाना आहे, त्याला आता पस्तीस वर्षे होतील. एका अंगाला खंडेराव महाराजांनी बांधवलेला राजवाडा, जो आज हवाई दलाच्या ताब्यात आहे, आणि दुसऱ्या अंगाला जीआयडीसीची कारखान्यांची वसाहत. माझे बहुतेक पेशंट वसाहतीतले. दमा, त्वचेची खाज, पित्त, रात्रपाळीने उडालेली झोप, हे माझे रोजचे विषय. अशा बीएचएमएस डॉक्टरने संगणकाच्या आकृत्यांच्या इतिहासावर लिहायला घ्यावे, याचे आपल्याला नवल वाटेल. त्याला एक प्रसंग कारण झाला. तो आधी सांगतो, कारण पुढची सारी हकिगत त्याला बांधलेली आहे.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात, संध्याकाळी दवाखाना उघडून अर्धा तास झाला असेल, दोन कामगार एका तिसऱ्याला धरून आत आले. त्याच्या उजव्या हाताला फडके गुंडाळलेले होते आणि ते भिजले होते. हे काम गोळ्यांचे नव्हे, हे मला दारातच कळले. जखम स्वच्छ करून घट्ट पट्टी बांधली, हात वर धरायला सांगितला आणि रिक्षात घालून सर्जनकडे पाठवले. हात वाचला, तर्जनीचे पेर गेले. दोन महिन्यांनी तो भेटायला आला तेव्हा मी विचारले, झाले तरी कसे? तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पॅनेलच्या दारावर नकाशा चिकटवलेला आहे. त्यात झाकण उघडले की मोटर बंद होते असे दाखवले आहे. मी नकाशा बघूनच हात घातला."

नकाशा जुना होता. दोन वर्षांपूर्वी सफाईच्या सोयीसाठी त्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये बदल केला होता: विशिष्ट बटण दाबलेले असले तर झाकण उघडे असतानाही मोटर सावकाश फिरत राहते. बदल करणाऱ्याने आपले काम नीट केले होते. प्रोग्रॅममध्ये त्या ओळीच्या शेजारी तारीख घालून टीपही लिहिली होती. फक्त ती टीप प्रोग्रॅमच्या पोटात राहिली आणि दारावरची आकृती तशीच राहिली. शब्द पुढे गेला, चित्र मागे राहिले, आणि कामगाराने चित्रावर विश्वास ठेवला. प्रत्येक साधा माणूस तेच करतो, कारण चित्र वाचावे लागत नाही.

माझी भाची अशाच यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिते. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मामा, आता चित्र हाताने काढतच नाहीत. प्रोग्रॅममधल्या टिपेतूनच ते आपोआप काढून घेता येते." त्या एका वाक्यामागे मी दोन-तीन वर्षे लागलो. शोधता शोधता असे दिसले की ही युक्ती संगणकवाल्यांनी नवी काढली असली, तरी तिच्या मागचा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याची काही उत्तरे आपल्या घरात, आपल्या बडोद्यात, पडून आहेत.

आधी चित्राच्या दोन जाती समजून घेऊ. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची गोधडी. तो मोठा करत गेले की ठिपके दिसू लागतात आणि चेहरा विरतो. दुसऱ्या जातीला व्हेक्टर आकृती म्हणतात. तिच्यात ठिपके साठवलेले नसतात, कृती साठवलेली असते: इथून तिथपर्यंत रेघ ओढा, या मध्यापासून इतक्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. ही जात आपल्या बायकांना संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. रांगोळीच्या पुस्तकात आकृतीखाली "११ ते ६, मध्ये ठिपके" एवढेच लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा, की मधली ओळ ११ ठिपक्यांची, आणि दोन्ही बाजूंना एकेक ठिपका कमी करत ६ पर्यंत यायचे. ठिपके होतात ९१, आकार होतो षट्कोनाचा. ठिपक्यांमधले अंतर पुस्तक सांगत नाही. तुळशीपुढे हात फिरेल एवढी काढा किंवा दिवाळीत दारभर काढा, रांगोळी तीच. लिखाणात नियम आहे, माप अंगणाचे आहे.

हाच विचार शुल्बसूत्रांत आहे, आणि ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाची वेदी कशी आखावी हे तिथे शब्दांत सांगितले आहे: खुंटी इथे ठोका, दोरी इतकी ताणा, अमुक ठिकाणी खूण करा. माप पुरुषाचे, म्हणजे यजमान हात वर करून उभा राहिला की होते तेवढ्या उंचीचे. श्येनाच्या, म्हणजे ससाण्याच्या आकाराची वेदी पहिल्या वेळी साडेसात चौरस पुरुष क्षेत्रफळाची. पाच थर, दर थरात २०० विटा. पुढच्या वेळी क्षेत्रफळ एका चौरस पुरुषाने वाढवायचे, पण आकार तोच ठेवायचा. याचा उपाय त्यांनी असा काढला की ससाण्याची आकृती बदलायची नाही, मापाचे एककच मोठे करायचे. साडेसातचे साडेआठ करायचे तर प्रत्येक बाजू शंभराला सुमारे साडेसहाने वाढते, आणि पंख, शेपूट, विटा सगळे त्याच प्रमाणात वाढते. आज पडद्यावर व्हेक्टर आकृती मोठी करताना संगणक नेमके हेच करतो.

आता माझ्या घरची गोष्ट. आम्ही जैन. लहानपणी पर्युषणात तत्त्वार्थसूत्राचे वाचन होई आणि तिसऱ्या अध्यायाला मी हमखास जागा राही, कारण त्यात द्वीप आणि समुद्र येत. हा ग्रंथ श्वेतांबर उमास्वातींचा म्हणतात, दिगंबर उमास्वामींचा, मान्य दोघांनाही. त्यात सांगितलेला नियम दोन ओळींत मावतो. मध्ये जंबूद्वीप, गोल, एक लाख योजने व्यासाचे. त्याभोवती समुद्राचे कडे, त्याभोवती द्वीपाचे कडे, असे पुढे चालू. आणि प्रत्येक कड्याची रुंदी आधीच्याच्या दुप्पट. लवणसमुद्र दोन लाख, धातकीखंड चार लाख, कालोद समुद्र आठ लाख, पुष्करवर द्वीप सोळा लाख. त्या पुष्कराच्या अर्ध्यापर्यंतच मनुष्याची वस्ती. हिशेब करा: एक अधिक दोन्ही बाजूंचे दोन, चार, आठ आणि आठ. मनुष्यलोकाचा व्यास ४५ लाख योजने येतो, आणि ग्रंथांत तेवढाच दिलेला आहे. जंबूद्वीपाच्या परिघासाठी व्यासाला दहाच्या वर्गमुळाने गुणले आहे, आणि उत्तर ३,१६,२२७ योजने, ३ गव्यूत, १२८ धनुष्य आणि साडेतेरा अंगुळांहून किंचित अधिक, इतके खाली उतरवले आहे.

चित्र न काढता चित्राचे संपूर्ण वर्णन ते हेच. पण लोकांना पाहायला चित्र हवे असते, म्हणून पुढे कापडी पट रंगवले गेले, अढीद्वीपाचे नकाशे देरासरांत आणि मंदिरांत लागले. मी पाहिलेल्या पटांवर पट्टी ठेवून पाहिले, तर दुप्पट-दुप्पट हा नियम फारसा पाळलेला दिसला नाही. चित्रकाराचा दोष नाही. मधले जंबूद्वीप एक इंच धरले तर पूर्ण आकृतीला ४५ इंचांचे कापड लागते. आणि त्या एका इंचात मेरू, सहा पर्वत, सात क्षेत्रे आणि चौदा नद्या कशा बसवायच्या? म्हणून त्याने मध्य मोठा केला आणि कडी आवळली. भाविकाला अर्थ कळला. मात्र ज्याने सूत्र वाचले नाही आणि केवळ पट पाहिला, त्याच्या मनात विश्वाचे माप चुकीचे बसले. पट सूत्रावरून काढलेला होता खरा, पण एकदा काढून झाल्यावर त्याचा सूत्राशी दोर तुटला होता. पॅनेलच्या दारावरचा नकाशा आणि हा पट यांची अडचण एकाच प्रकारची आहे.

आपल्या जुन्या लिपिकारांना असा दोर तुटण्याची भीती ठाऊक होती. चित्राच्या बाबतीत नाही, तरी भाष्याच्या बाबतीत त्यांनी तिचा बंदोबस्त केलेला दिसतो. गुजरातेतील जैन पोथ्यांत "त्रिपाठ" नावाची मांडणी आढळते. पानाच्या मध्ये मोठ्या अक्षरात मूळ सूत्र, वर आणि खाली बारीक अक्षरात त्याची टीका. दोन्ही बाजूंच्या समासांतही टीका आली की तिला "पंचपाठ" म्हणतात. सूत्र एका पोथीत आणि टीका दुसऱ्या पोथीत असती, तर नक्कल करणाऱ्याने एकच उतरवली असती आणि शंभर वर्षांनी कोणती टीका कोणत्या ओळीची हे शोधत बसावे लागले असते. एकाच पानावर दोन्ही असली की पान जिथे जाईल तिथे दोन्ही जातात. बडोदा संस्थानाने चिमणलाल डाह्याभाई दलाल यांना पाटणची ग्रंथभांडारे तपासायला पाठवले होते. १९१६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ, राजशेखराची काव्यमीमांसा, निघाला तो त्यांच्याच संपादनाने. पुढे १९२७ मध्ये प्राच्यविद्यामंदिर उभे राहिले. तिथे अशी पाने आजही पाहायला मिळतात. जमले तर एकदा जाऊन पाहावीत. माझा पुढचा मुद्दा मग चटकन ध्यानात येईल.

मधल्या काळात मात्र शब्द आणि आकृती यांची घरे वेगळी झाली. यंत्रयुग आले, कारखाने आले, आणि ड्रॉइंग हा स्वतंत्र विषय झाला. आपल्या सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली कलाभवन सुरू केले. मातृभाषेतून तंत्रशिक्षण द्यावे हा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथे शिकले, आणि तीच परंपरा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत चालू आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आजोबांच्या वेळचा टी-स्क्वेअर आणि कंपासपेटी अजून माळ्यावर असेल. त्या पिढीने काढलेली ड्रॉइंगे फार देखणी. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये निळ्या छपाईची रीत शोधली होती; तिच्यामुळे एका मूळ ड्रॉइंगच्या वाटेल तितक्या निळ्या प्रती काढता येऊ लागल्या. पुढे अमोनियाच्या वासाच्या प्रती आल्या. सोय मोठी झाली, आणि तिच्याबरोबर एक रोगही आला. मूळ ड्रॉइंग कचेरीत दुरुस्त व्हायचे आणि दहा शेडमध्ये दहा जुन्या प्रती लटकत राहायच्या. त्यासाठी उजव्या कोपऱ्यात दुरुस्तीचा क्रमांक आणि तारीख घालायची शिस्त आली. शिस्त चांगलीच, पण ती माणसाच्या आठवणीवर चालते. आणि आठवणीवर चालणाऱ्या गोष्टी पथ्यासारख्या असतात, पहिला महिना नीट चालतात.

माझ्या शास्त्रातही हाच रोग आहे, हे प्रांजळपणे सांगतो. मटेरिया मेडिका म्हणजे एकेका औषधाचे वर्णन. रेपर्टरी म्हणजे त्याच वर्णनांवरून उलटी केलेली सूची: लक्षण आधी, औषधे पुढे. केंट यांची रेपर्टरी १८९७ पासून निघू लागली. माझ्या दोन्ही पुस्तकांच्या समासांत पेन्सिलीच्या नोंदी आहेत. मध्यंतरी ताडून पाहिल्या, तर एकात केलेली नोंद दुसऱ्यात नाही, असे कितीतरी वेळा निघाले. एकाच माणसाने, एकाच टेबलावर, दोन पुस्तके जुळती ठेवली नाहीत. मग प्रोग्रॅम लिहिणारा एक आणि नकाशा काढणारा दुसरा असेल तिथे काय होणार!

संगणकाच्या जगात या दुराव्यावर पहिला मोठा विचार डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन गणितज्ञाने केला. त्याला निमित्त झाले छपाईचे. १९७७ मध्ये त्याच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. नव्या यंत्रावर जुळवलेली ती अक्षरे त्याला इतकी कुरूप वाटली की त्याने छपाईचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला. त्याच ओघात त्याने "मेटाफाँट" ही भाषा केली. तिच्यात अक्षराचे चित्र साठवायचे नसते. लेखणीचे टोक कसे आहे, कुठून कुठे जाते, कुठे वळते, हे लिहायचे असते, आणि त्या लिखाणातून अक्षर उमटते. ज्यांनी लहानपणी बोरूने कित्ता गिरवला आहे, त्यांना हे अवघड जाणार नाही. नेदरलंड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये याच भाषेत देवनागरी अक्षरे लिहिली. पुढे आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मुंबईत "मंगल" ही देवनागरी अक्षरमाला घडवली आणि ती विंडोजमधून घरोघर गेली. तिची मांडणी मेटाफाँटची नसली, तरी तत्त्व तेच: प्रत्येक अक्षर म्हणजे कडेच्या वळणांचे गणिती वर्णन, म्हणून लहान-मोठे कसेही करा, फुटत नाही.

१९८४ मध्ये क्नूथने दुसरा विचार मांडला, आणि आपल्या विषयाचा खरा उगम तो आहे. त्याचे म्हणणे असे की प्रोग्रॅम हा यंत्रासाठी लिहायचा आणि स्पष्टीकरण नंतर सवडीने वेगळ्या वहीत, ही रीतच चुकीची. माणसाला समजावून सांगावे तसा मजकूर लिहा आणि त्याच मजकुरात प्रोग्रॅमचे तुकडे बसवा. मग त्या एकाच फाइलमधून एक साधन यंत्रासाठी प्रोग्रॅम वेगळा काढील आणि दुसरे साधन माणसासाठी छापील पुस्तक विणील. त्रिपाठाचे पान आठवा. मध्ये सूत्र, भोवती टीका. यंत्राने मधला मजकूर वाचायचा, माणसाने सारे पान. क्नूथने जैन पोथी पाहिली होती असे मला सुचवायचे नाही. एकाच दुखण्याला दोन गावच्या वैद्यांनी एकच औषध द्यावे, तसे हे झाले.

टीप प्रोग्रॅमच्या पानावर आली, पण आकृती अजून बाहेरच होती. तिला आत आणायचे तर ती शब्दांत लिहिता आली पाहिजे. हे काम अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत झाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रायन कर्निहन यांनी "पिक" नावाची छोटी भाषा केली: चौकट काढ, तिच्या उजवीकडे बाण, मग वर्तुळ. इथे जागा माणूस सांगत होता, शुल्बसूत्रात सांगितली आहे तशीच. पुढच्या दशकात तिथल्याच मंडळींनी "ग्राफव्हिझ" केले आणि मोठी उडी मारली. आता जागा सांगायची नाही, फक्त नाते सांगायचे. उदाहरणार्थ, माझ्या भाचीने मला लिहून दाखवलेल्या या ओळी पाहा:

झाकण बंद → मोटर सुरू
लाल बटण → मोटर बंद
झाकण उघडे आणि सफाई बटण → मोटर सावकाश

एवढ्यावरून साधन नावांच्या चौकटी काढते, कोणती वरच्या पायरीला आणि कोणती खालच्या हे ठरवते, बाण एकमेकांना कमीत कमी छेदतील अशा रीतीने चौकटी मागे-पुढे सरकवते आणि मग वळणदार रेघा ओढते. छेद अगदी कमीत कमी करणे हे गणिती दृष्ट्या फार कठीण कोडे आहे. म्हणून साधन अचूक उत्तराचा हट्ट सोडून चांगले, पुरेसे उत्तर शोधते. लग्नाच्या पंगतीत रुसलेली माणसे समोरासमोर येऊ नयेत म्हणून यजमान पाने मांडतो, त्यातलाच हा प्रकार.

यानंतरचे टप्पे थोडक्यात सांगतो. १९९७ मध्ये दिमित्री व्हान हेश यांनी "डॉक्सिजन" केले. ते प्रोग्रॅममधल्या टिपा वेचून त्यांचे पुस्तक बांधते, आणि टिपेतच वरच्यासारख्या ओळी लिहिल्या असतील तर त्यांची आकृतीही काढून पुस्तकात घालते. २००१ मध्ये "एसव्हीजी" हे व्हेक्टर आकृतीचे सर्वमान्य रूप ठरले. त्याची गंमत अशी की ती फाइल उघडली तर आत साधा वाचता येणारा मजकूरच असतो: अमुक ठिकाणी वर्तुळ, अमुक ठिकाणी रेघ. म्हणजे शब्दांतून आकृती निघते ती पुन्हा शब्दांतच, आणि शेवटची रेघ पडदा ओढतो. २००९ मध्ये "प्लांटयूएमएल" आणि २०१४ मध्ये "मर्मेड" आली. त्यांनी या ओळी लिहिणे आणखी सोपे केले. आज प्रोग्रॅममध्ये बदल झाला, फाइल जतन केली, की आकृती नव्याने काढून घेण्याची व्यवस्था लावून देता येते. ती कोणाला आठवावी लागत नाही.

इथे थांबलो असतो तर ही हकिगत गोड झाली असती, पण ती अपुरी झाली असती. भाचीला मी विचारले, टीप लिहिणाऱ्यानेच आळस केला तर? तिने मला दोन प्रकार समजावले. पहिल्या प्रकारात साधन टीप वाचतच नाही. ते प्रत्यक्ष प्रोग्रॅम वाचून कोणता भाग कोणत्या भागाला बोलावतो याचे जाळे काढते. ही आकृती प्रोग्रॅमपासून ढळत नाही. पण ती एक्स-रेसारखी असते: हाडे सगळी दिसतात, दुखते कुठे ते दिसत नाही. शंभर चौकटी आणि तीनशे बाण यांतून कामगाराला काय कळणार? दुसऱ्या प्रकारात माणसाने लिहिलेल्या टिपेवरून आकृती निघते. ती थोडक्यात आणि मुद्द्याची असते, कामगाराला कळते. पण खालचा प्रोग्रॅम बदलला आणि वरची टीप तशीच ठेवली, तर साधन त्या खोट्या टिपेचीही तितकीच सुबक आकृती काढून देईल. हाताने काढलेला जुना नकाशा निदान पिवळा पडतो, त्याचे कोपरे फाटतात, माणसाला शंका येते. ताज्या छापलेल्या खोट्या आकृतीवर शंका घ्यायला काहीच जागा राहत नाही.

मग या सगळ्याचा लाभ काय? लाभ एवढाच, आणि तो मोठा आहे, की अंतर कमी झाले. पूर्वी बदल करणाऱ्याला उठून दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाकडे, दुसऱ्या कागदाकडे जावे लागे. आता ज्या ओळीत बदल करायचा तिच्या डोक्यावरच टीप आहे. ती न बघता पुढे जाता येत नाही. तिच्याकडे दुर्लक्ष करता येते, पण मग ते समोर पाहून केलेले दुर्लक्ष असते. आणि काम तपासणारा दुसरा माणूस दोन्ही एका नजरेत पाहू शकतो. त्रिपाठ लिहिणाऱ्या लिपिकाराला यापेक्षा अधिक काही साधायचे नव्हते. टीका चुकीची असू नये याची हमी पान देत नाही. चूक असली तर ती सूत्राच्या शेजारीच उघडी पडावी, एवढी सोय पान करते. खरे बोलण्याचे काम शेवटी माणसाकडेच राहते. आमच्याकडे सत्य हे व्रत मानले आहे, ते उगाच नाही: व्रत रोज पाळावे लागते, एकदा घेऊन ठेवता येत नाही.

त्या कामगाराचे काय झाले, हे आपण विचाराल. तो त्याच कारखान्यात आहे, बोट गमावूनही त्याच यंत्रावर. माझ्या भाचीने तिथल्या माणसांशी बोलून त्या यंत्राच्या प्रोग्रॅममधल्या टिपा नीट लिहून दिल्या आणि त्यांतून आकृती काढायची व्यवस्था लावली. चौकटींतली नावे तिने गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत घातली, कारण पाळीवर दोन्ही बोलणारी माणसे असतात आणि धोक्याची सूचना परक्या भाषेत नसावी. आकृतीच्या खाली ज्या प्रोग्रॅममधून ती निघाली त्याची तारीख आपोआप छापली जाते. पाळी सुरू होताना यंत्राच्या पडद्यावरची तारीख आणि दारावरची तारीख जुळते का, एवढे पाहायचे. जुळली नाही तर हात घालायचा नाही. नियम सोपा आहे आणि तो त्या कामगारानेच सुचवला.

मागच्या महिन्यात तो मुलीला खोकल्यासाठी घेऊन आला होता. औषध लिहून देत होतो तेव्हा त्याने माझ्या भिंतीकडे बोट दाखवले, ते अर्धे बोट, आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, तो तक्ता केव्हाचा?" माझ्या दवाखान्यात लसीकरणाचा एक रंगीत तक्ता लावलेला आहे, कुठल्या वयात कोणती लस. मी उठून जवळ जाऊन पाहिले. खाली छापलेले वर बारा वर्षांपूर्वीचे होते, आणि मधल्या काळात वेळापत्रकात नव्या लशी आल्या आहेत. रोज शंभर डोळे त्या तक्त्याकडे पाहत होते, त्यांत माझेही दोन. मी तो तिथल्या तिथे काढला.

वाचकहो, आपल्या घरी, दुकानात, सोसायटीच्या जिन्यात असे एखादे चित्र, तक्ता किंवा नकाशा लावलेला असेलच. तो कोणत्या लिखाणावरून काढला आणि ते लिखाण आज तेच आहे का, एवढे एकदा पाहून घ्यावे.